सगळ्या खिडक्या उघडाव्यात

३ एप्रिल, बुधवार

जेवताना सासूबाईंनी आज पुन्हा सांगितलं की धाकटीच्या साइटवर ढग हलतात. बोट लावलं की ढग फुगतो, गरगरतो, त्याची सोंड खाली उतरते आणि टोर्नेडो कसा तयार होतो ते मुलांना चुटकीसरशी कळतं म्हणे. माझ्या साइटवर ढग हलत नाहीत. माझ्या साइटवर या भागातली शंभर वर्षांतली वादळं आहेत. कुठून आली, कुठे विरली, कुणाचं छप्पर कुणाच्या अंगणात सापडलं, सगळं फोटोंनिशी. ते फोटो बिचारे जागचे हलत नाहीत, त्याला मी काय करू.

हे सगळं गिळून गिळून माझा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाई मिठाला दोष देतात, पण कारण मला ठाऊक आहे. म्हणून ही डायरी. इथे कुणी डोकावणार नाही, तेव्हा सरळच लिहिते: माझ्या पोटात दुखतं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. मी वाचनालयात आहे, जुन्या कागदांची खोली माझ्या ताब्यात. नऊ वर्षांपूर्वी मी 'वादळाच्या वाटेवर' ही साइट सुरू केली, तेव्हा टोर्नेडोच्या इतिहासावर इंटरनेटवर आपल्या भाषेत धड एक पान नव्हतं. लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या ट्रंका उपसून मी फोटो गोळा केले. मी शाळेत असताना जो मोठा टोर्नेडो आला, त्यातून वाचलेल्या माणसांसमोर बसून त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. आणि ही बया गेल्या वर्षी 'आभाळ वाचूया' नावाची साइट काढते काय, आणि गावभर तिचाच डंका वाजतो काय.

८ एप्रिल, सोमवार

हवामान कार्यालयाचे साहेब आज वाचनालयात आले होते. आम्ही त्यांना मागून 'पारा' म्हणतो, कारण ते कधी चढतील आणि कधी उतरतील याचा नेम नाही. आज उतरलेले होते. त्यांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर एक यादी लागणार आहे: टोर्नेडोचा इतिहास आणि वादळी हवामान शिकायचं असेल तर कुठे वाचावं, कुठे बघावं. सगळ्या शाळांना ती जाणार. यादी लहान ठेवायची आहे, मोजक्याच साइट.

मी वरवर अगदी शांत होते. आतून नुसते घोडे धावत होते. आजवर घरच्यांनी माझ्या कामाला 'तिचा छंद' म्हटलंय. या यादीत नाव आलं, आणि तेही पहिलं, तर कुणाची हिंमत होणार नाही छंद म्हणायची.

साहेबांना मी माझं हुकमी पान उघडून दाखवलं. चाळीस वर्षांपूर्वीचं सरकारी पत्रक, 'टोर्नेडो आला तर काय करावे?' मोठ्या टोर्नेडोच्या आदल्या वर्षी घरोघर वाटलं होतं. आमच्या वाचनालयाच्या रद्दीतून मी ते वाचवलं, दुसरीकडे कुठेही नाही. अक्षरं पुसट होती म्हणून मी सगळा मजकूर स्वच्छ टाइप केला, मथळा ठळक केला. पहिलीच सूचना: 'घराच्या सगळ्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे आतला व बाहेरचा दाब समान होऊन छप्पर उडणार नाही.' दुसरी: 'तळघराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बसावे.' माझ्या साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान हेच. ढगांत गडगडाट सुरू झाला की त्याचा आकडा वाढतो, हे मी साहेबांना मुद्दाम सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, यावर आपण बोलू. चांगलेच थक्क झालेले दिसले.

जाताना मात्र दुधात मिठाचा खडा टाकलाच. म्हणाले, तुमच्या जाऊबाईंचं कामही फार सुंदर आहे.

९ एप्रिल, मंगळवार

कालपासून माझ्या साइटवर माणसांची रीघ लागलीय. एरवी आठवड्यात येत नाहीत एवढी एका दिवसात आली. मी कुठे जाहिरात केली नाही, कुणाला सांगितलं नाही. चांगल्या कामाचा वास आपोआप पसरतो, तो असा. धाकटीच्या साइटवर किती येतात कोण जाणे. मी तिची साइट आजतागायत उघडलेली नाही. उगाच तिचा एक आकडा माझ्यामुळे वाढायचा.

१४ एप्रिल, रविवार

धाकटी चहाला आली होती. मी बैठकीला नवे पडदे लावलेत, राखाडी, त्यावर पिवळे ठिपके. तिला विचारलं कसे आहेत, तर म्हणाली, "फार छान आहेत, ताई." आणि तिचे दोन्ही कान लालबुंद झाले. ही तिची गंमत आहे. खोटं बोलली की कान लाल होतात, लग्न ठरल्यापासून घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणजे पडदे दोघींनाही आवडलेले नाहीत. हे मात्र म्हणाले, पडदे कुठले? तीन दिवस झालेत लावून.

चहा संपल्यावर ती हळूच मुद्द्यावर आली. त्या पत्रकावर 'हे जुनं आहे, असं आता करू नये' अशी एक ठळक ओळ वर टाकाल का, म्हणून विचारत होती. खिडक्या उघडल्याने काही फायदा होत नाही, उलट त्या उघडायला जाणारा माणूस काचांच्या तोंडी सापडतो, असं आता सिद्ध झालंय म्हणे. कोपऱ्याचंही तसंच. तिच्या वर्गातल्या मुलांनी ते पान वाचून तेच खरं धरलं.

मी म्हटलं, ते इतिहासाचं पान आहे, खाली वर्ष लिहिलंय. वाचणाऱ्याला डोळे आहेत. ती म्हणाली, वर्ष अगदी तळाशी आणि बारीक अक्षरात आहे, तिथपर्यंत कुणी जात नाही. मी म्हटलं, माझी माणसं जातात. तुझी ढगाला बोट लावून टाळ्या वाजवणारी असतील. यावर ती कप विसळायला उठली.

कप विसळते, गोड बोलते, ताई ताई करते, आणि हळूच माझ्या हुकमी पानावर बोट ठेवते. बरोबर त्याच पानावर! कारण तेच तिच्याकडे नाही.

१७ एप्रिल, बुधवार

सासूबाई हल्ली दुपारभर टॅबलेट घेऊन बसतात. जवळ गेलं की स्क्रीन छातीशी धरतात, लहान मुलासारखं. धाकटीचे ढग नाचवत असणार, दुसरं काय. आज मध्येच विचारलं, नैर्ऋत्य म्हणजे आपल्या जुन्या कपाटाकडचा कोपरा ना गं? मी हिशेबात होते, हो म्हटलं. मग यांच्या मागे लागल्या की वरच्या खिडक्यांच्या कड्या घट्ट झाल्यात, तेल सोड. म्हातारपणी कशाचं काय सुचेल सांगता येत नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

आज बँकेतून येताना पाहिलं, हवामान कार्यालयाच्या फाटकाशी धाकटीची स्कूटर. परवाही होती, भाजी आणायला गेले तेव्हा. म्हणजे रोजच्या फेऱ्या चालू आहेत. साहेबांना लोणी लावायचं काम शाळा सुटल्यावर.

मला हे जमत नाही. जमलं असतं तर आज मीही कुणीतरी असते.

२३ एप्रिल, मंगळवार

साहेबांची ईमेल आली. भाषा फार गोड. आपलं कार्य मोलाचं, आपला संग्रह अनमोल, वगैरे वगैरे, आणि मग: पत्रकाच्या पानावर ठळक इशारा दिल्याशिवाय आपली साइट यादीत घेता येणार नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत मुदत. 'आपल्या जाऊबाईंशी याबाबत बोलणं झालं आहेच.'

झालं आहेच! वाचता वाचता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहाच्या वेळी ताई ताई करत मागितलं, मिळालं नाही, तर जाऊन साहेबांच्या कानाला लागली. एक ओळ टाकायला मला पाच मिनिटं लागतील. पण तिच्या सांगण्यावरून टाकणार नाही म्हणजे नाही. यादीत नाव नसलं तर नसलं.

हे शेवटचं वाक्य लिहिलं खरं, पण ते खरं नाही. मला यादीत यायचंय. पहिलं यायचंय.

२४ एप्रिल, बुधवार

गल्लीतच गाठलं तिला. सरळ विचारलं, साहेबांकडे माझी तक्रार तू केलीस?

ती रडकुंडीला आली. म्हणाली, "नाही ताई, पान त्यांनी स्वतःच पाहिलं. मी फक्त मुदत मागायला गेले होते. ते तुमचं नाव काढूनच टाकत होते." मी तिच्या कानांकडे पाहिलं. जरासुद्धा लाल नव्हते.

आता सराव झाला असेल.

२ मे, गुरुवार

गेले आठ दिवस धाकटी आमच्याकडे फिरकली नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मी विषय बदलला. आज हेच म्हणाले, तू एकदा तिची साइट उघडून बघ ना, पहिल्याच पानावर तुझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय. काहीतरी! म्हणजे आता जगजाहीर उद्धार सुरू झाला. मी विचारलं, काय लिहिलंय? तर म्हणे, मी सांगणार नाही, तूच बघ. बायकोची बाजू घेतली तर यांची जीभ झडते.

नाही बघितलं. बघणारही नाही.

७ मे, मंगळवार

हवा घोंगड्यासारखी जड झालीय. साइटवर गर्दी. पत्रकाचं पान सगळ्यात वर.

१२ मे, रविवार

काल शनिवारी टोर्नेडो आला. आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला मला वेळ लागणार आहे.

मी वाचनालयात होते. हे कामावर, गावाबाहेर. सासूबाई घरी एकट्या. दुपारी आभाळ हिरवट काळं झालं आणि भोंगा वाजला. वाचनकक्षात जेवढी माणसं होती तेवढी घेऊन मी आणि आमचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणतात, तळघरात उतरलो. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, त्यांवर सगळे दाटीवाटीनं बसले. बायका घरी फोन लावत होत्या. नेटवर्क होतं.

मीही फोन काढला. आणि घरी लावायच्या ऐवजी माझ्या साइटचा आकडा बघितला. इथे खोटं कशाला लिहू. आकडा डोळ्यांसमोर चढत होता, एवढा मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. माझा ऊर भरून आला. मनात आलं, आता बघू यादीत कसे घेत नाहीत. मी तशीच बघत बसले, एकेक माणूस येताना मोजत.

मग समोर बसलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली की यात लिहिलंय सगळ्या खिडक्या उघडाव्यात, वरच्या कुणी उघडल्या का? तिच्या हातातल्या फोनवर माझा ठळक मथळा होता. दोघं-तिघं म्हणाले, हो हो, आम्हीही वाचलंय. मामा उठलाच. म्हणाला, मी उघडून येतो, दोन मिनिटांचं काम. वाचनकक्षाला रस्त्याकडे अकरा खिडक्या आहेत, पुरुषभर उंचीच्या, सगळ्या काचेच्या. तो अर्धा जिना चढून गेला होता.

मी ओरडले, "मामा, खाली या. ते चूक आहे."

ती बाई म्हणाली, "चूक कसं असेल? स्पष्ट लिहिलंय इथे. तुम्हाला काय माहीत?"

"ते मीच लिहिलंय," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा जिन्यावर थांबला, माझ्याकडे बघत एकेक पायरी खाली उतरला. मी ते पान काढून टाकायला गेले, पण तोवर नेटवर्क गेलं होतं. तेव्हा मला सासूबाईंचा टॅबलेट आठवला. कड्यांना सोडलेलं तेल आठवलं. नैर्ऋत्य म्हणजे कपाटाकडचा कोपरा ना गं. घरचा नंबर लावत राहिले, लागत नव्हता. लागत होता तेव्हा मी आकडे मोजत होते.

वर काचा फुटल्याचा आवाज झाला. बराच वेळ होत राहिला.

बाहेर पडल्यावर मी घरापर्यंत धावले. टोर्नेडो गावाच्या कडेनं गेला होता, आमच्या गल्लीला नुसती शेपटी लागली. नुसती शेपटी, तर दोन छपरं गेली आणि गल्लीत एकाही घराला वरची काच राहिली नाही. आमच्या दारात शेजारणी जमल्या होत्या. सासूबाई पायरीवर बसलेल्या, कपाळाला खरचटलेलं. शेजारी धाकटी, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला, ओढणी लाल झालेली.

शेजारीण सांगायला लागली. भोंगा वाजताच धाकटी गल्लीच्या टोकावरून धावत आली. सासूबाई वरच्या मजल्यावर एकेक खिडकी उघडत होत्या, शेवटचीच राहिली होती. धाकटीनं हाताला धरलं तर त्यांनी हात झटकला. म्हणाल्या, तू गप्प बस, मोठीनं लिहिलंय तसंच करायचं. जिना उतरताना मागून खिडकी चौकटीसकट आत आली. धाकटीनं सासूबाईंच्या डोक्यावर हात धरला होता म्हणून डोकं वाचलं. हाताला नऊ टाके पडले, नंतर कळलं.

आणि मग सासूबाई सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाल्या, "तू हिला वेळेवर फोन केलास म्हणून मी उतरले गं बाई. नाहीतर तिचं कोण ऐकतंय."

मी धाकटीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. मी कुणालाही फोन केला नव्हता.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. शेजारणी म्हणत होत्या, मोठी सून म्हणजे मोठीच, किती भान तिला. आणि मी ते ऐकून घेतलं.

१३ मे, सोमवार

वीज आल्यावर पहिलं काम ते पान बंद केलं. शनिवारी ते कितीतरी माणसांनी उघडलं, इथली, लांबलांबची. त्यातली किती खिडक्यांकडे गेली, हे मला कधीच कळायचं नाही. मामा चहा घेऊन आला आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेला. एरवी तो बडबडल्याशिवाय कप खाली ठेवत नाही.

१४ मे, मंगळवार

राहवेना. सकाळी सासूबाईंसमोर खाली बसले आणि म्हटलं, "आई, मी फोन केला नव्हता."

त्या टॅबलेट पुसत होत्या. म्हणाल्या, "माहीत आहे."

मी विचारलं, कसं? त्या म्हणाल्या, "ती म्हणाली, ताईंचा फोन आला होता, आईंना खाली ने म्हणाल्या. मी तिचे कान बघितले. असे लाल की आता पेटतील. पडद्यांचं वगैरे ठीक आहे, पण एवढं मोठं खोटं ही पोर उगाच बोलायची नाही. म्हटलं, काहीतरी भयंकर आहे, आणि उतरले."

मी विचारलं, मग शेजारणींसमोर तसं का सांगितलंत? तर म्हणाल्या, "तिनं तुझ्या नावानं केलं. ते खोडणारी मी कोण?"

मग टॅबलेट माझ्याकडे वळवला. त्यावर ढग नव्हते. माझी साइट होती, मोठी अक्षरं करून. सासूबाई म्हणाल्या, तुझं सगळं वाचून झालंय माझं, मोठ्या टोर्नेडोचं दोनदा. तुला दाखवलं नाही, कारण मी हळू वाचते, तू मध्येच हातातून घेऊन स्वतः वाचून दाखवायला लागशील. मग विचारलं की ते खिडक्यांचं पान कुठे गेलं, मला तर तोंडपाठ आहे. आणि खरंच म्हणून दाखवलं त्यांनी, पहिल्या सूचनेपासून शेवटच्यापर्यंत, एकही शब्द न चुकता.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढी वर्षं मला वाटत होतं की या घरात माझं कुणी वाचत नाही.

आणि रडतानासुद्धा धाकटीचा राग येत होता, हेही लिहिते. खोटं बोलायचं, तेही माझ्यासाठी. हात कापून घ्यायचा, तोही उजवा. इतकं चांगलं वागायचं हिलाच कसं सुचतं? आता मी हिच्याशी भांडू तरी कशावरून?

१५ मे, बुधवार

तिची साइट उघडली. वाढू दे एक आकडा.

पहिल्याच पानावर, हलणाऱ्या ढगाच्याही वर लिहिलंय: 'आधी माझ्या ताईंची साइट वाचा. मला जे येतं ते तिथून सुरू झालं.' त्याला बोट लावलं की माझी साइट उघडते. खाली तारीख आहे, आठ एप्रिलची. म्हणजे माझ्याकडे लागलेली रीघ, तो चांगल्या कामाचा आपोआप पसरलेला वास, तो असा होता.

यांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? हे म्हणाले, सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तिनं उपकार केले. बरोबर तेच म्हटलं असतं.

साहेबांना फोन केला. चिडतील म्हणून मी कानापासून चार बोटं लांब धरला होता. पण ते म्हणाले, पान काढून टाकू नका. लोक एके काळी काय मानत होते हे कळायलाच हवं, फक्त वर इशारा द्या. तो कसा लिहायचा ते तुमच्या जाऊबाईंना चांगलं माहीत आहे, माझ्याकडे येऊन तीनदा वाचून दाखवलाय त्यांनी.

१९ मे, रविवार

धाकटीला मीच बोलावलं. बोलावलं म्हणजे, तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, चल. ती आली. खिडक्यांना काचा नाहीत अजून, प्लास्टिक लावलंय, ते फडफडत होतं. राखाडी पडदे वादळानं नेले. त्याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केली नाही.

मी तिला म्हटलं, फोनचं तू खोटं बोललीस. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, माझं नाव का घेतलंस? ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर आई उतरल्या नसत्या. इतकं साधं. मी माफी मागणार होते, चार वाक्यं ठरवून ठेवली होती. त्यातलं एकच आलं, तेही अर्धं. तिनं लगेच विचारलं, पासवर्ड आठवतोय ना?

तिच्या बोटांना पट्ट्या, म्हणून टाइप मी केलं. ती सांगत गेली. लाल चौकट, मोठी अक्षरं, मथळ्याच्याही वर. तिनं सांगितलं: 'कृपया खिडक्या उघडू नका. हे पत्रक जुने असून त्यातील सूचना चुकीच्या ठरल्या आहेत. खिडक्यांपासून दूर, तळघरात किंवा घराच्या मधल्या खोलीत जा.' मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. फक्त 'कृपया' काढून टाकलं.

काढायला नको होतं. तिचं वाक्य होतं, कापलेला हातही तिचाच होता. पण राहवलं नाही. वर तिला विचारलंही, कसं वाटतंय?

ती म्हणाली, "हे जास्त चांगलं झालं, ताई."

मी तिच्या कानांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नव्हते लाल.